जिवंत मोइनाची पिशवी आणि तिच्यासोबतचे खाद्य : एक परीक्षण

सांगली आणि मिरज येथील अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांत सध्या ‘जिवंत खाद्य संच’ या नावाने एक वस्तू मिळते. हवा भरून रबराने बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत सुमारे अर्धा लिटर पाणी आणि त्यात उड्या मारत फिरणारे शेकडो बारीक जीव, हिरवट भुकटीचे एक पाकीट, हिरव्या पाण्याची एक लहान बाटली आणि मराठीत छापलेली सूचनांची चिठ्ठी, असे चार नग या संचात असतात. मला तो विश्रामबागेच्या बाजूला २४० रुपयांना मिळाला. हाच संच, याच चिठ्ठीसह, आणखीही काही दुकानांत दिसतो. त्यामुळे येथे कोणत्याही एका दुकानाचे नाव घेण्याचे कारण नाही आणि हे परीक्षण वस्तूचे आहे, विक्रेत्याचे नाही. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो : पिशवीतले जीव उत्तम आहेत, बाटलीतले हिरवे पाणी त्याहून उत्तम आहे, भुकटी बेताची आहे आणि चिठ्ठी मात्र वाचून लगेच बाजूला ठेवावी अशी आहे, कारण ती जशीच्या तशी पाळली तर पहिले तीनही नग वाया जातात. असे का होते, हे समजण्यासाठी हे जीव खातात कसे, याकडे थोडे बारकाईने पाहावे लागते.

पिशवीवर मोठ्या अक्षरांत ‘डॅफ्निया’ असे छापले आहे. आत डॅफ्निया नाही, मोइना आहे. दोघेही एकाच गटातले, गोड्या पाण्यातले सूक्ष्म कवचधारी प्राणी असले तरी भिंगाखाली फरक लगेच कळतो : डॅफ्नियाच्या कवचाला मागे काट्यासारखे टोक असते आणि डोक्याला पुढे चोच असते, तर मोइनाला शेपटीचा काटा नसतो, चोच नसते आणि एकंदर अंग गोलसर, फुगीर दिसते. खरे तर या चुकीच्या छपाईत गिऱ्हाइकाचा फायदाच झाला आहे. डॅफ्नियाच्या मोठ्या जातींना थंड पाणी मानवते आणि पाण्याचे तापमान तीस अंशांच्या वर राहू लागले की त्या खंगत जातात. एप्रिल-मे महिन्यांत ज्या गावात पारा चाळिशीला टेकतो तेथे घराच्या गॅलरीत त्यांना जगवणे म्हणजे रोजची कसरत. मोइना मात्र पंचवीस ते तीस अंशांच्या पाण्यात जोमाने वाढतो, कमी ऑक्सिजनही बऱ्यापैकी सोसतो आणि आकाराने लहान असल्यामुळे फायटर किंवा गप्पी माशांच्या पिलांच्या तोंडात मावतो. पूर्ण वाढलेला मोइना साधारण एक मिलिमीटरच्या आसपास, तर नुकताच जन्मलेला अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतो. सांगलीत विकायला हीच वस्तू योग्य आहे. फक्त नाव खरे लिहायला हरकत नव्हती.

काही ठिकाणी याच मोइनाची लालसर रंगाची पिशवी ‘रेड मोइना’ म्हणून चाळीस-पन्नास रुपये जास्त घेऊन विकली जाते. त्या लाल रंगाला भुलू नये. पाण्यात ऑक्सिजन कमी पडू लागला की हे प्राणी आपल्या शरीरद्रवात हिमोग्लोबिन वाढवतात आणि पारदर्शक कवचातून तो रंग बाहेर दिसतो. म्हणजे लाल पिशवी ही बहुतेक वेळा वेगळी जात नसून, गर्दीत आणि घुसमटीत राहिलेले तेच जीव असतात. माशांना ते चालतात, रंगाने शोभूनही दिसतात, पण संवर्धनाची सुरुवात करण्यासाठी फिकट, पिवळसर-हिरव्या पोटाचे आणि चपळ जीव असलेली साधी पिशवीच घ्यावी.

आता मुख्य विषय. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत असतो तसा साधा सूक्ष्मदर्शक उपलब्ध असेल तर काचपट्टीवर पाण्याचा थेंब घेऊन त्यात एक मोइना ठेवावा, कापसाचे दोन-तीन धागे टाकून त्याला अडकवावे आणि सर्वांत कमी वर्धनाच्या भिंगाने पाहावे. कवच काचेसारखे पारदर्शक असल्याने आतला सगळा कारभार उघड्यावर चालतो. पाठीच्या बाजूला, मानेच्या थोडे मागे, वेगाने धडधडणारा लहानसा कप्पा दिसतो, ते हृदय. पोटाच्या बाजूला, कवचाच्या दोन झडपांच्या आत, त्याहून मोठ्या भागात एक अखंड थरथर चाललेली दिसते, ते पाय. विद्यार्थी नेहमी या थरथरीलाच हृदय समजतात आणि ठोके मोजू लागतात. डोक्यापाशी बाहेर आलेल्या दोन फांद्यांसारख्या मोठ्या शृंगिका पोहण्यासाठी असतात. कवचाआडचे पाच जोड पाय पोहण्याच्या कामी येतच नाहीत. ते फक्त खाण्यासाठी आणि श्वसनासाठी हलतात, आणि मिनिटाला शेकडो वेळा हलतात, रात्रंदिवस, अन्न असो वा नसो.

या पाच जोडांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या जोडीवर खरी गाळणी असते. पायाच्या कडेला राठ केसांची ओळ, प्रत्येक केसावर दोन्ही बाजूंनी आणखी बारीक केसांची ओळ, आणि या बारीक केसांमधील अंतर जातीनुसार व वयानुसार साधारण एक मायक्रोमीटरचा काही अंश ते एक-दोन मायक्रोमीटर इतके. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पाय पुढे-मागे होताना कवचाच्या झडपांमधून पाणी आत ओढले जाते, केसांच्या जाळीवर कण अडकतात, पाणी मागच्या बाजूने निघून जाते, आणि अडकलेले कण दोन्ही बाजूंच्या पायांच्या मधोमध असलेल्या पन्हळीत झाडून घेतले जातात. ती पन्हळ कणांना पुढे तोंडाकडे नेते, तेथे जबडे त्यांचा लगदा करतात आणि तो अन्ननलिकेतून आतड्यात जातो.

पाणी खरोखर त्या जाळीतून आरपार जाते का, याबद्दल अभ्यासकांत विशेषतः १९८०च्या दशकात बराच वाद झाला. इतक्या बारीक मापावर पाणी आपल्याला वाटते तसे सुळसुळीत राहत नाही. त्या पायांच्या दृष्टीने ते काकवीसारखे चिकट असते आणि केसांच्या मधून जाण्याऐवजी केसांना लपेटून राहण्याची त्याची प्रवृत्ती असते. म्हणून काहींनी असे मांडले की काही कण गाळले जात नसून विद्युतभार किंवा पृष्ठभागाच्या गुणधर्मामुळे केसांना चिकटतात. तर दुसऱ्या बाजूने असे दाखवले गेले की झडपांच्या आत निर्माण होणारा दाब पाणी जाळीतून ढकलायला पुरेसा असतो. बहुधा दोन्ही गोष्टी घडतात, मात्र गाळण्याचा वाटा मोठा असतो. घरी संवर्धन करणाऱ्याला या वादातून उचलण्याजोगी गोष्ट एकच : या प्राण्याला कण पकडता येतो तो पाण्यात तरंगणारा आणि ठरावीक आकारमानाचा. तळाशी बसलेली भुकटी, पृष्ठभागावर तरंगणारी साय किंवा मोठा तुकडा त्याच्या उपयोगाचा नाही.

आकारमानाची वरची मर्यादा जाळीवर नव्हे, तर कवचाच्या झडपांच्या फटीवर आणि जबड्यांच्या आवाक्यावर अवलंबून असते आणि ती शरीराच्या लांबीबरोबर वाढते. एक मिलिमीटर लांबीचा प्राणी साधारण पंचवीस मायक्रोमीटरपर्यंतचा कण गिळू शकतो. पिलांच्या बाबतीत ही मर्यादा बरीच खाली येते. खालच्या बाजूला एक मायक्रोमीटरच्या आसपासचे जिवाणूही अनेक जाती पकडतात, आणि मोइनासाठी जिवाणू हा अन्नाचा महत्त्वाचा भाग असू शकतो. क्लोरेला हे एकपेशीय शैवाल दोन ते दहा मायक्रोमीटरचे, यीस्टची पेशी पाच ते दहा मायक्रोमीटरची : दोन्ही या पट्ट्यात नेमकी बसतात.

या सगळ्यात निवड जवळजवळ नाही. वेगळ्या गटातले डायप्टोमस वर्गातील जीव एकेक कण चाचपून, चव पाहून घेतात किंवा सोडतात. डॅफ्निया-मोइना यांना ते फारसे जमत नाही. पन्हळीत नको तो मोठा गुंता किंवा धाग्यासारखे शैवाल येऊन बसले तर ते एकच करू शकतात : पोटाच्या शेवटी असलेला नख्यांचा भाग पुढे झटकून सगळा घास बाहेर फेकणे. त्या झटक्यात खराब कणांबरोबर आधी जमवलेले चांगले कणही जातात. सूक्ष्मदर्शकाखाली हा झटका अगदी स्पष्ट दिसतो. अडकलेल्या मोइनाच्या पाण्यात दाट भुकटी सोडली की पायांची थरथर मंदावते आणि शेपटाकडचा भाग काही क्षणांच्या अंतराने आत वळून पन्हळ साफ करू लागतो. खाण्यापेक्षा खाणे बाहेर टाकण्यातच त्याची शक्ती खर्च होताना दिसते.

संचातल्या चिठ्ठीचा दोष येथेच आहे. तिच्यात लिहिले आहे की रोज सकाळ-संध्याकाळ एक चमचा भुकटी पाण्यात टाकावी आणि मोइना वाढू लागले की प्रमाण दुप्पट करावे. ही सूचना माशांच्या खाद्याच्या डब्यावरून उचललेली दिसते. मासा पोट भरण्यासाठी अन्नाकडे जातो, खातो आणि थांबतो. त्याला दोन वेळा खाऊ घालणे समजण्यासारखे आहे. मोइना अन्नाकडे जात नाही. तो सतत पाणी गाळत असतो, आणि त्याला किती अन्न मिळते हे पाण्यात त्या क्षणी किती कण तरंगत आहेत यावर ठरते. पाण्यात कण विरळ असतील तर तो जास्तीत जास्त वेगाने पाणी गाळतो आणि कण वाढतील तसे त्याचे खाणे वाढत जाते. पण एका मर्यादेनंतर खाण्याचा वेग वाढत नाही. जबडे आणि आतडे यांची क्षमता संपलेली असते. त्यापुढे कितीही कण टाकले तरी प्राणी तेवढेच खातो, पाणी कमी गाळतो आणि घास जास्त फेकतो. उरलेले सगळे खाद्य पाण्यात जिवाणूंच्या हाती पडते.

मी आणलेली पिशवी दोन सारख्या टबांत वाटून एका टबाला चिठ्ठीप्रमाणे आणि दुसऱ्याला हिरव्या पाण्यावर ठेवले. चिठ्ठीच्या टबातले पाणी दोन-तीन दिवसांत दुधासारखे पांढुरके झाले, मग त्याला कुजका वास सुटला. प्राणी आधी गुलाबी झाले, नंतर पृष्ठभागाशी गोळा झाले आणि शेवटी तळाशी करड्या रंगाचा एक थर उरला. हे मरण उपासमारीचे नव्हते, घुसमटीचे होते. न खाल्लेल्या भुकटीवर वाढलेल्या जिवाणूंनी रात्रीतून ऑक्सिजन संपवला. दुसऱ्या टबात मात्र आठवडा उलटायच्या आत पिलांचा नुसता सुकाळ झाला होता. मोइनाची मादी अनुकूल परिस्थितीत नराशिवाय पिले देते, ती चार-पाच दिवसांत स्वतः वयात येतात आणि पुढे दर दोन-तीन दिवसांनी नवी खेप येते. त्यामुळे चांगल्या टबातली वाढ डोळ्यांना जाणवण्याइतकी वेगवान असते.

विक्रेत्याला हे दाखवले तेव्हा त्याने सरळपणे सांगितले की चिठ्ठी पाकिटासोबत छापूनच येते आणि गिऱ्हाइकाचा टब बिघडला की तो पुन्हा पिशवी न्यायला येतो. ही दुसरी गोष्ट त्याने हसत सांगितली, पण ती खरी असावी अशी शंका मला अजून आहे.

भुकटीबद्दल पाकिटावर लिहिले आहे की तिच्यात स्पायरुलिना, सोयाबीनचे पीठ आणि यीस्ट आहे. घटक वाईट नाहीत, दळण वाईट आहे. चिमूटभर भुकटी पाण्यात कालवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर यीस्टच्या सुट्या पेशी दिसतात, पण सोयाबीनचे तुकडे आणि स्पायरुलिनाचे गठ्ठे शंभर मायक्रोमीटरच्या पुढचे, म्हणजे मोइनाच्या घासाच्या चौपटीहून मोठे आहेत. हे तुकडे गाळले जात नाहीत, गिळले जात नाहीत, फक्त खाली बसतात आणि सडतात. पाकीट वाया घालवायचे नसेल तर एक उपाय आहे : अर्धा चमचा भुकटी पेलाभर पाण्यात घालून मिक्सरमध्ये फिरवावी, मग पेला दहा-पंधरा मिनिटे न हलवता ठेवावा आणि फक्त वरचे ढगाळ पाणी टबात घालावे. तळाशी बसलेला गाळ झाडांना घालावा. जे कण पंधरा मिनिटांत बसत नाहीत ते बारीकच असतात, त्यामुळे नुसते ठेवून देणे हेच येथे चाळणीचे काम करते. जुन्या सुती साडीच्या फडक्याने गाळण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण त्या विणीची भोके या प्राण्याच्या मानाने फारच मोठी असतात.

निव्वळ यीस्टवर मोइना जगतो, पण पिढ्यानपिढ्या चांगला वाढत नाही, आणि त्याचे कारणही त्याच्या आहारातच आहे. सर्व कीटक व कवचधारी प्राण्यांप्रमाणे मोइनालाही स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गटातले मेदासारखे पदार्थ, स्वतः बनवता येत नाहीत. ते अन्नातून मिळावे लागतात, आणि त्याचबरोबर काही विशिष्ट लांब साखळीची मेदाम्लेही लागतात. हिरव्या एकपेशीय शैवालांत स्टेरॉल असतात. जिवाणूंमध्ये आणि नीलहरित शैवालांत ते जवळजवळ नसतात. स्पायरुलिना हे नीलहरित शैवालच असल्यामुळे त्यात प्रथिने भरपूर असली तरी या बाबतीत ते तोकडे पडते. पाकिटावरच्या ‘संपूर्ण आहार’ या शब्दांना म्हणूनच अर्थ नाही. भुकटी हे जोडखाद्य आहे; मुख्य खाद्य त्या लहान बाटलीत आहे.

ती बाटली या संचातली सर्वांत मोलाची वस्तू होय, आणि दुर्दैवाने सर्वांत दुर्लक्षितही. चिठ्ठीत तिच्याबद्दल ‘सुरुवातीला ओतावी’ एवढेच लिहिले आहे. ती एकदम ओतून संपवू नये. बाटलीतला थेंब भिंगाखाली पाहिला तेव्हा त्यात हिरव्या, गोल, सुट्या पेशी दिसल्या, धागे नव्हते, आणि वासही ताज्या गवतासारखा होता. असे पाणी म्हणजे बियाणे. पारदर्शक बरणीत शिळे पाणी, म्हणजे क्लोरीन उडून जावे म्हणून एक-दोन दिवस उघडे ठेवलेले नळाचे पाणी घ्यावे, त्यात माशांच्या टँकमधले बदललेले थोडे पाणी मिसळावे, कारण त्यात शैवालाला लागणारे नायट्रोजन आणि फॉस्फरस असतात, आणि वर या बाटलीतला अर्धा भाग घालून बरणी उजेडात ठेवावी. सांगलीच्या उन्हात आठ-दहा दिवसांत ती गडद हिरवी होते. पावसाळ्यात, ढगाळ हवेत, दुप्पट वेळही लागतो. भर दुपारचे ऊन मात्र टाळावे. बरणीतले पाणी तापले की शैवालही मरते.

हिरव्या पाण्याच्या बरणीत मोइना शिरू देऊ नये, आणि याला साध्या स्वच्छतेपलीकडचे एक कारण आहे. सेनेडेस्मस या सामान्य हिरव्या शैवालावर काम करताना हेसेन आणि व्हॅन डोंक यांनी १९९३ मध्ये दाखवले की ज्या पाण्यात डॅफ्निया राहून गेली आहे, केवळ ते गाळलेले पाणी मिसळले तरी हे शैवाल सुट्या पेशींऐवजी चार-चार, आठ-आठ पेशींच्या काटेरी वसाहती करू लागते. खाणारा जवळ आहे याची रासायनिक चाहूल लागताच ते आपला आकार गिळण्याच्या मर्यादेपलीकडे नेते. म्हणून शैवालाची बरणी आणि मोइनाचा टब वेगळे, आणि ओतण्याचे भांडेही वेगळे. बरणीत वर निळसर-हिरवी साय किंवा तंतूंचे पुंजके आले तर ते पाणी सरळ फेकून द्यावे, कारण नीलहरित शैवालांचे तंतू गाळणीत अडकतात आणि त्यांपैकी काही विषारीही असतात.

किती हिरवे पाणी द्यावे, याला चमच्याचे माप नाही, डोळ्यांचे आहे. टबाच्या तळाशी एक रुपयाचे नाणे टाकावे. पाण्याला हलकी हिरवी झाक असावी, पण नाणे दिसत राहावे. दुसऱ्या दिवशी पाणी स्वच्छ झाले असेल तर तेवढेच पुन्हा द्यावे, हिरवे उरले असेल तर थांबावे. मोठी डॅफ्निया एकटी तासाला काही मिलिलिटर पाणी गाळते. मोइना लहान असल्याने त्याहून बराच कमी, पण चांगल्या टबात दर लिटरला हजारांच्या संख्येने मोइना असू शकतात आणि मग सबंध टब दिवसातून एकाहून जास्त वेळा त्यांच्या गाळणीतून फिरतो. समशीतोष्ण देशांतल्या तळ्यांत वसंताच्या शेवटी काही आठवडे पाणी एकदम नितळ होते, तेही बऱ्याच अंशी डॅफ्नियाच्या अशाच सामूहिक गाळण्यामुळे. थोडे कमी खाद्य दिले गेले तर घाबरण्याचे कारण नाही : अन्न कमी असलेल्या पाण्यात वाढलेल्या डॅफ्नियाच्या पायांवरील जाळ्या त्याच लांबीच्या सुस्थितीतल्या डॅफ्नियापेक्षा मोठ्या होतात, असे दिसून आले आहे. जास्त खाद्याला मात्र त्यांच्याकडे असा कोणताही तोडगा नाही.

एअर पंपाबाबत चिठ्ठी गप्प आहे आणि दुकानदार सवयीने एअर स्टोन, म्हणजे पंपाच्या नळीला लावायचा सच्छिद्र दगड, घ्यायला सांगतात. तो घेऊ नये. दगडातून निघणारे अतिबारीक बुडबुडे कवचाच्या झडपांत शिरतात आणि प्राणी बुचासारखा वर तरंगत राहतो. तेथून तो परत खाली येऊ शकत नाही आणि गाळूही शकत नाही. नुसती नळी सोडून सेकंदाला एक-दोन मोठे बुडबुडे येतील एवढीच हवा द्यावी. तेवढ्याने कण तरंगत राहतात, म्हणजे अन्न खाण्याजोग्या अवस्थेत राहते.

आता माशांच्या बाजूने पाहू. मोइनाच्या कोरड्या वजनात सुमारे निम्मे प्रथिन असते, आणि जिवंत असल्यामुळे तो न खाल्ला तर पाणी बिघडवत नाही, उलट टँकमध्ये तरंगणारे कण गाळत राहतो. पण त्याच्या आतड्यात काय आहे यावर त्याची पौष्टिकता बरीच अवलंबून असते. स्वच्छ पाण्यात ठेवलेल्या, पोट पारदर्शक झालेल्या मोइनाला हिरव्या पाण्यात सोडले की अर्ध्या तासाच्या आत आतड्याची हिरवी रेघ डोक्यापासून शेपटापर्यंत उमटते. आणि भरपूर अन्न मिळत असताना आत गेलेले अन्न साधारण तासाभरात बाहेरही पडते. म्हणून दुकानातून आणलेली पिशवी तशीच टँकमध्ये रिकामी करणे हा तोटा आहे. रात्रभर पिशवीत राहिलेल्या जिवांची पोटे रिकामी असतात. घरी आणून त्यांना तासभर हिरव्या पाण्यात ठेवावे, मग बारीक जाळीने उचलून माशांना घालावे. फायटरची पिले हिरव्या रेघेच्या मोइनावर झडप घालतात, कारण तो त्यांना चांगला दिसतोही.

पिशवीत मोइनाशिवाय आणखी कोण आहे, हेही विकत घेताना पाहावे. माझ्या पिशवीत थोडे सायक्लॉप्स निघाले : नासपतीच्या आकाराचे, झटके देत पुढे जाणारे, मादीच्या शेपटीला दोन बाजूंनी अंड्यांच्या दोन थैल्या असलेले. सायक्लॉप्स गाळून खात नाही, तो पकडून खातो, आणि मोइनाच्या नवजात पिलांवर त्याचा डोळा असतो. मोठ्या माशांना ते खाद्य म्हणून चालतात, संवर्धनाच्या टबात नकोत. जुन्या पिढीला सायक्लॉप्स वेगळ्याच कारणाने ठाऊक असावा : नारूच्या कृमीची पिल्ले याच्याच पोटात वाढत आणि विहिरीचे न गाळलेले पाणी पिणाऱ्याच्या शरीरात शिरत. पाणी फडक्याने गाळून पिण्याच्या प्रचारातून आणि पायऱ्यांच्या विहिरी बदलण्यातून तो रोग हटला. भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली दिले. आजच्या पिशवीतल्या सायक्लॉप्सपासून तसली भीती नाही, तरी पिशवीचे पाणी टँकमध्ये न ओतता फक्त जीव गाळून घ्यावेत हे बरे.

दुसरी खूण पाठीची. बऱ्याच माद्यांच्या पाठीवर तपकिरी-काळसर खोगिरासारखा डाग दिसत असेल तर त्यांनी टिकाऊ अंडी धरली आहेत, म्हणजे ज्या टबातून त्या आल्या तेथे गर्दी झाली आहे किंवा अन्न संपले आहे. अशी पिशवी संवर्धनाला घेऊ नये. पाठीच्या पोकळीत फिकट अंडी किंवा काळ्या डोळ्याची पिले दिसतात त्या माद्या चांगल्या.

किमतीचा विचार केला तर २४० रुपयांपैकी भुकटीचे शंभर-सव्वाशे रुपये जास्तीचे वाटतात. पिशवी आणि बाटली सुटी मागितली तर काही दुकानदार देतात; तशीच घ्यावी. मत्स्यबीज केंद्रांत रोहू-कटल्याच्या पिलांसाठी संवर्धन तळ्यात शेण आणि शेंगदाण्याची पेंड टाकून आधी जिवाणू व शैवाल, मग त्यांच्यावर हे जीव वाढवण्याची पद्धत जुनी आहे आणि तिला पाकीट लागत नाही. घरच्या टबात मात्र वासामुळे आणि प्रमाण सांभाळण्याच्या अडचणीमुळे मी ती सुचवणार नाही. कुठल्याशा खणीतून किंवा तळ्यातून जाळीने मोइना धरून आणणारेही आहेत, पण त्यासोबत चतुराच्या अळ्या, हायड्रा आणि सांडपाणी घरी येते. त्या मानाने दुकानातली पिशवी स्वस्त आहे. वाहत्या कृष्णेत हे जीव शोधण्यात तर अर्थच नाही, त्यांना साचलेले पाणी लागते.

पिशवी शक्यतो सकाळी, माल आला त्याच दिवशी घ्यावी, कारण दुकानात दोन-तीन दिवस टांगून राहिलेल्या पिशवीत अर्धे जीव तळाशी गेलेले असतात आणि उरलेले गुलाबी झालेले असतात. घरी आणल्यावर तिचे तोंड लगेच उघडावे, अर्धा तास टबाच्या पाण्यात तरंगत ठेवून तापमान जुळू द्यावे, आणि सगळा माल एकाच टबात न घालता दोन भांड्यांत वाटावा. एक बिघडले तरी दुसऱ्यातून पुन्हा सुरुवात करता येते आणि पुढच्या पिशवीचे पैसे वाचतात.